रत्नागिरीची लोकसंख्या घटली म्हणजे नेमकं काय झालं?

२००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं मोजली गेली. २०११ला भरली १६,१५,०६९. म्हणजे दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी. सिंधुदुर्गातही तेच झालं, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली आणि देशाची त्याहूनही जास्त. इतकंच कशाला, शेजारचा रायगड जिल्हासुद्धा सव्वाचार लाखांनी फुगला.

हे आकडे निघाले की दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक, "कोकण ओस पडलं." दुसरं, "कोकणी माणूस शिकलेला, पोरं कमी होऊ देतो, म्हणून लोकसंख्या घटली." दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण दोन्हींतून मूळ गोष्ट हाती लागत नाही. ती समजली तर फक्त कोकणच कळेल असं नाही. सगळा देश ज्या वाटेने निघाला आहे तिचा मोठा भाग या दोन जिल्ह्यांनी आधीच चालून पाहिलेला आहे, त्यामुळे देशाचाही अंदाज येईल.

कुठल्याही प्रदेशाची लोकसंख्या तीनच गोष्टींनी बदलते: किती जन्मले, किती मेले आणि किती आले-गेले. अख्ख्या भारताचा हिशोब मांडताना तिसरी गोष्ट जवळजवळ सोडून दिली तरी चालते, कारण देशाबाहेर जाणारे एकूण संख्येच्या मानाने थोडे. पण राजापूर किंवा मंडणगड तालुक्याचा हिशोब मांडायचा, तर हीच तिसरी गोष्ट सगळ्यांत जड.

आधी मरण कमी होतं, मग जन्म

जन्म-मृत्यूचं गणित जगभर जवळपास एकाच क्रमाने बदललं आहे. सुरुवातीला जन्मही खूप आणि मृत्यूही खूप, त्यामुळे लोकसंख्या जेमतेम हलते. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली होती. १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि देशभर पसरली. त्याआधी प्लेग होता, अधूनमधून दुष्काळ होताच. घरोघरी सहा-सात बाळंतपणं व्हायची आणि त्यांतली दोन-तीन मुलं हाती लागायची.

मग देवीची लस, मलेरियाचं नियंत्रण, दवाखाने, रेशनचं धान्य आणि बरं पाणी यांनी मरण मागे रेटलं. १९७१ला भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२०पर्यंत हा आकडा २८वर आला. पण मरण कमी झालं म्हणून माणसं लगेच कमी मुलं होऊ देत नाहीत. आपलं मूल जगणार असा भरवसा यायला एक पिढी जावी लागते. मुली शाळेत टिकतात, लग्नाचं वय वाढतं, मुलाला लवकर कामाला लावण्यापेक्षा शिकवणं फायद्याचं वाटू लागतं, तेव्हा कुठे जन्म कमी होतात. या मधल्या काळात जन्म पूर्वीइतके आणि मृत्यू थोडे, म्हणून लोकसंख्या भराभर वाढते. १९५१ला ३६ कोटी असलेला देश २०११ला १२१ कोटींवर गेला तो असा.

आता देश या टप्प्याच्या शेवटाशी आला आहे. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील याचा जो दर काढतात, त्याला प्रजननदर म्हणतात. तो साधारण २.१ असला की एक पिढी आपल्याइतकीच दुसरी पिढी मागे ठेवते. १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा दर ३.४ होता, २०१९-२१च्या पाहणीत तो २.० निघाला. महाराष्ट्राचा १.७. बिहारचा तेव्हाही ३.०. अजूनही भाषणांतून "लोकसंख्येचा स्फोट" हा शब्द येतो, तेव्हा ही आकडेवारी वाचलीच नाही का, असं वाटतं. स्फोटाची भीती बाळगण्याचा काळ मागे पडला. पुढचा प्रश्न वेगळाच आहे.

दर २.०वर आला तरी देशाची संख्या वाढतेच आहे. एप्रिल २०२३मध्ये भारताने चीनला मागे टाकल्याचं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. हे उलटसुलट वाटेल, पण त्याचं उत्तर वयात आहे. वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुली आज मोठ्या संख्येने आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी एकूण बाळं पुष्कळ होतात, आणि म्हातारी माणसं तुलनेने थोडी असल्याने मरणारे थोडे.

म्हणून लोकसंख्या पाहताना एकूण बेरजेपेक्षा वयाची उतरंड पाहावी लागते. कोकणातल्या देवळासमोरची दगडी दीपमाळ डोळ्यांपुढे आणा: बुंध्याशी रुंद, वर जाता जाता निमुळती. तळाशी लहान मुलं, मध्ये कमावती माणसं, टोकाला म्हातारी. पन्नास वर्षांपूर्वीचा भारत अगदी असा होता. आता बुंधा आत ओढला जातोय आणि मधला भाग फुगतोय. मधला भाग फुगलेला असणं ही देशाला एकदाच मिळणारी संधी असते, कारण कमावते हात जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं-म्हातारी कमी. दक्षिण कोरियाने या काळात कारखाने उभे केले, माणसं शिकवली आणि श्रीमंत झाला. २०२३ला त्याच देशाचा प्रजननदर ०.७२वर आला आणि म्हाताऱ्यांना सांभाळायचं कोणी, हा तिथला सगळ्यांत मोठा सवाल आहे. आपल्यालाही तिथे जायचंच आहे, फक्त हाती पैसा येण्याआधी की नंतर, एवढाच फरक राहील.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गावांत ही दीपमाळ निराळीच दिसते. बुंधा बारीक, टोक जाड आणि विशी ते चाळिशीपर्यंतचा भाग खोलगट, त्यातही पुरुषांच्या बाजूने जास्त. असा आकार जन्म-मृत्यूने येत नाही. तो जाण्या-येण्याने येतो.

एकटा गेला तेव्हा आणि बिऱ्हाड घेऊन गेला तेव्हा

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ला स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना माणसं पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच) आघाडीवर राहिला. कारण सरळ होतं. डोंगरउतारावरची वरकस म्हणजे हलकी जमीन, पावसाळ्यातलं एकच भात, त्यात गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा वाटा. घरात चार भाऊ आणि शेत मात्र दोघांना पुरेल एवढंच. अशा घरातला एक भाऊ मुंबईला गेला तरी भात तेवढंच पिकतं, उलट खाणारं एक तोंड कमी होतं आणि मनिऑर्डर सुरू होते. जमिनीवर दिसतात पण उत्पन्नात भर घालत नाहीत असे हात शेतीतून कारखान्यात जातात, आणि सुरुवातीला शेतीचं काही बिघडत नाही. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ला ही गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली आणि पुढे त्यांना नोबेल मिळालं. कोकणातल्या घरांनी ती त्याच्या कितीतरी आधीपासून जगून पाहिली होती.

मग प्रश्न पडतो: जाणं जर दीडशे वर्षांपासून चालू आहे, तर लोकसंख्या २००१नंतरच का घटली? १९५१ला, १९६१ला का नाही?

मला या सगळ्या विषयात हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर असं. पूर्वी पुरुष एकटा जायचा. लालबाग-परळला गावकऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहायचा, खानावळीत जेवायचा, शिमग्याला, गणपतीला, पेरणीला घरी यायचा आणि गिरणीतून निवृत्त झाला की गावी परतायचा. बायको, आईबाप, मुलं गावात. म्हणजे पुढची पिढी गावात जन्मत होती. माणसं बाहेर जात, पण त्यांच्या जागा भरून निघत.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकेक करत बंद पडत गेल्या आणि ही जुनी रीतही मोडली. पुढच्या पिढीला काम मिळालं ते कुरियरमध्ये, सिक्युरिटीत, हॉटेलात, दुकानात, ऑफिसात. परळमध्ये राहणं परवडेना. खोली घेतली नालासोपाऱ्याला, विरारला, दिव्याला, बदलापूरला, आणि तिथे बायकोलाही नेलं, कारण मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं होतं. आता मूल जन्मतं तेच तिकडे. गावातून एक माणूस वजा व्हायचा, त्या जागी त्याच्या पुढची पिढीही वजा होऊ लागली.

याची खूण आकड्यांतही आहे. २०११ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६, राज्याची सरासरी ९२९ असताना. कोकणात मुलींना फार मान असल्याचा हा पुरावा आहे, असं कौतुक मी सभांमधून ऐकलं आहे. तसं ते नाही. त्याच रत्नागिरीत सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. राज्याच्या ८९४पेक्षा हे नक्कीच बरं, पण निसर्गतः साधारण ९५० असायला हव्यात. म्हणजे मोठ्या वयात दिसणाऱ्या ‘जास्तीच्या’ बायका म्हणजे मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या रिकाम्या जागा. आणि आता २००१चे आकडे शेजारी ठेवा: तेव्हा रत्नागिरीत ११३६ होत्या, सिंधुदुर्गात १०७९. प्रमाण उतरतंय. पुरुष परत आले असते तर एकूण संख्या वाढली असती, पण ती घटली आहे. म्हणजे आता स्त्रियाही निघाल्या आहेत.

रायगडात नेमकं उलट. पनवेल-उरणचा पट्टा, जवाहरलाल नेहरू बंदर, कारखाने, नवी मुंबईची वाढ, त्यामुळे तिथे माणसं बाहेरून येतात आणि त्यात पुरुष जास्त. म्हणून तिथलं प्रमाण ९५९. आणि गंमत अशी की मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या त्याच दशकात साडेसात टक्क्यांनी घटली, तर ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. लालबाग-परळच्या गिरणगावातून माणसं कुठे सरकली ते या दोन आकड्यांत दिसतं.

जनगणना माणसाला राहत्या जागी मोजते, मूळ गावी नाही. २०११ची मोजणी फेब्रुवारीत झाली, होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. मोजणी शिमग्याच्या पालखीच्या दिवशी झाली असती तर कोकणची लोकसंख्या केवढी भरली असती, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. रेशनकार्ड गावचं, मतदान गावी, सातबाऱ्यावर नाव गावचं, पण वर्षातले अकरा महिने नालासोपाऱ्यात: या माणसाला कुठला म्हणायचं, हे एका रकान्यात मावत नाही.

शेत सुटलं, पण कारखाना गाठला नाही

कामांचं चित्रही एका ठरावीक क्रमाने बदलतं, असं पुस्तकात सांगतात. आधी बहुतेक लोक शेतीत, मग कारखान्यांत, मग सेवांमध्ये, म्हणजे दुकान, वाहतूक, शिक्षण, बँक, हॉटेल, संगणक. इंग्लंड, जपान, कोरिया या वाटेने गेले. भारतात १९५१ला दर दहांपैकी सात कामकरी शेतीवर होते. हे प्रमाण हळूहळू उतरत २०१८-१९ला ४२.५ टक्क्यांवर आलं. मग कोविड आला आणि ते पुन्हा चढलं. २०२३-२४च्या श्रमबल पाहणीत ते ४६.१ टक्के आहे. कारखानदारीत मात्र ११.४ टक्केच. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्यावर जगणारे जवळजवळ निम्मे. शेतकऱ्याच्या हाती थोडं का पडतं, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

कोकणाच्या बाबतीत कारखान्याचा टप्पा आला, पण तो मुंबईत. गिरणी बुडाल्यावर तो टप्पाही गेला. आज गावात शेतीच्या जोडीला जे काम आहे ते बहुतेक सेवांचं किंवा बांधकामाचं: रिक्षा, टेम्पो, वाळू-चिऱ्याची वाहतूक, गवंडीकाम, घरगुती खानावळ, पर्यटकांसाठी काढलेल्या खोल्या. सिंधुदुर्ग १९९७ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा केला. ही खरोखर मोठी कामं झाली. पण यातली बरीच हंगामी आहेत, आणि हंगामी कामावर तरुण माणूस लग्न करून घर मांडायला धजत नाही. त्याला बाराही महिने पगार हवा असतो.

२०२०ला टाळेबंदीत हजारो चाकरमानी गावी परतले, शाळांमध्ये चौदा दिवस विलगीकरणात राहिले, काहींनी पडीक जमिनीत भात लावलं. १८९६ला मुंबईत प्लेग आला तेव्हाही गिरणी कामगार असेच कोकणात पळून आले होते. शहरातलं काम तुटलं की माणूस जमिनीकडे येतो, कारण त्याच्याजवळ दुसरा विमा नाही. देशभर शेतीतल्या माणसांची टक्केवारी चढली ती अशा परतण्याने. शेती भरभराटीला आली म्हणून ती चढली, असं वाचू नये.

बायकांच्या कामाचं मोजमाप हा तर वेगळाच घोळ. लावणी करणारी, नाचणी काढणारी, गुरं सांभाळणारी, काजू गोळा करणारी बाई "काय करता?" विचारलं तर "घरीच असते" म्हणते, आणि मोजणाऱ्याने पुढे विचारलं नाही तर ती बेकारही नाही आणि कामकरीही नाही. १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या वा शोधणाऱ्या २०१७-१८ला २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ला ४१.७ टक्के निघाल्या. सहा वर्षांत एवढ्या नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या नाहीत. वाढीचा मोठा भाग खेड्यातल्या स्वतःच्या शेतीत, घरच्या धंद्यात राबणाऱ्यांचा आहे. यात तंगीमुळे कामाला लागलेल्या आहेत आणि पूर्वी नीट न मोजलेल्याही असाव्यात. गिरणगावात पन्नास-पन्नास डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकाही अशाच हिशोबाबाहेर होत्या. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ला या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे त्या बँकेच्या लेखी कामकरी ठरल्या.

मग नेपाळी गडी का येतात?

कोकणात कोणाशीही बोला, ही तक्रार ऐकू येते: "आमची पोरं मुंबईत दहा-बारा हजारांवर राबतात आणि इथे बागेत नेपाळी ठेवावे लागतात. पोरांना कष्टच नकोत." आंब्याच्या बागेत फवारणीपासून राखणीपर्यंत नेपाळी कुटुंबं असतात, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की ते परत येतात.

पोरांना कष्ट नकोत, हे मला पटत नाही. बागेतलं काम सहा-सात महिन्यांचं, बोटीवरचं दहा महिन्यांचं आणि धोक्याचं. ज्याच्या बापाने गिरणीत कायम नोकरी केली, ज्याने स्वतः बारावी केली, त्याला दुसऱ्याच्या बागेतल्या झापात, म्हणजे झोपडीत, राहणं म्हणजे पिढीची पायरी उतरणं वाटतं. नेपाळहून आलेल्या माणसाला तेच पैसे गावी पाठवून घर बांधता येतं. तो आज तिथे उभा आहे जिथे रत्नागिरीचा माणूस १९२०ला मुंबईत उभा होता. बाहेरून आलेल्या पैशाचा नेपाळच्या उत्पन्नातला वाटा सुमारे पावपट आहे. आपल्या जुन्या मनिऑर्डरीचंच ते रूप.

पण नेपाळचाही प्रजननदर २०२२च्या पाहणीत २.१वर आला आहे. तिथली तरुण मुलं आखातात, मलेशियात जातात. म्हणजे आणखी वीस वर्षांनी बागेला गडी कुठून मिळणार, हा प्रश्न उभा राहणारच. बागायतदारांनी आत्तापासून बुटकी झाडं, फवारणीची यंत्रं आणि वर्षभराचा पगार यांचा विचार करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

वय वाढलेल्या गावाला शासकीय निकष कसे लागू पडतात, तेही पाहण्यासारखं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर तीस हजार लोकसंख्येमागे एक, डोंगरी भागात वीस हजारांमागे एक. माणसं घटली की निकषाने गरजही घटली असं धरलं जातं. प्रत्यक्षात सत्तरीच्या माणसाला रक्तदाबाची गोळी दर महिन्याला लागते, मोतीबिंदू, गुडघे, मधुमेह सगळंच पाहावं लागतं. शंभर तरुणांच्या वाडीपेक्षा साठ म्हाताऱ्यांच्या वाडीला नर्स जास्त वेळा लागते. शाळेचं उलट. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करण्याची चर्चा होते, आणि शाळा गेली की उरलेलं एक तरुण कुटुंबही चिपळूणला खोली बघतं.

पुढच्या जनगणनेची गणनातिथी १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे आले की बातम्यांत जिल्ह्याची एकूण बेरीज झळकेल. गावात राहणाऱ्यांनी आणि मुंबईतल्या गावकरी मंडळांनी त्यापुढचे तीन तक्ते शोधून काढावेत: आपल्या तालुक्याची वयवार फोड, रिकाम्या घरांची संख्या, आणि साठीच्या वरची माणसं किती घरांत आहेत. ग्रामसभेत दवाखान्याची मागणी करताना हे तीन कागद सोबत असले, तर "लोकसंख्या कमी आहे" या उत्तरावर विषय संपणार नाही.